मुख्तार वाकला तो उन्हाळा

"अबे सोडू नको, सोडू नको म्हणतो ना. सारा पीळ उकलून राह्यला."

वानखडे सर कॉलेजच्या हौदाच्या कठड्यावर उभे राहून ओरडत होते. सरांच्या आवाजाबद्दल एवढंच सांगतो की जळगाव जामोदला त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली की तिकडं सातपुड्यातली माकडं 'हजर' म्हणायची. समोर मैदानावर आमचा अख्खा वर्ग दोन रांगांत, समोरासमोर उभा. हातात एकमेकांच्या दुपट्ट्यांची टोकं, कमरेभोवती विहिरीवरून सोडून आणलेला दोराचा जाड नाडा, आणि छातीवर खडूनं काढलेलं एकेक अक्षर. ऊन असं पडलं होतं की आमच्या सावल्या आम्हाला सोडून व्हरांड्यात जाऊन बसल्या होत्या. बाहेरच्या रस्त्यावर एस.टी. थांबली होती. ड्रायव्हर खाली उतरून कुंपणापाशी आला, बराच वेळ पाहत राहिला आणि कंडक्टरला म्हणाला, "भरतीची परेड दिसते."

"पोट्टेहो," सर पुन्हा ओरडले, "आरएनए आहे हे. बैलाची दावण नाही."

परीक्षांचे दिवस आले की मला हा आवाज ऐकू येतो. आता मी मोताळ्याला शिकवतो. होळी होऊन गेलेली असते, कडुनिंब मोहरलेला असतो, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचून ठेवलेल्या असतात. गव्हाच्या भुशाची धूळ दुपारभर हवेत तरंगते आणि परीक्षेच्या हॉलमधल्या पोरांच्या पापण्यांवर बसते. कुणाच्या तरी गच्चीवर पापड वाळत असतात. कूलरला नवा वाळा लावलेला असतो, आणि त्याचा पहिला ओला वास आला की मी अजूनही शर्टाची वरची गुंडी लावतो, कारण तो वास म्हणजे तोंडी परीक्षा. मी प्रश्नपत्रिका वाटत फिरतो, बाकांच्या ओळींमधून हळूहळू चालतो, कोण कुणाशेजारी बसलंय ते पाहतो, आणि बघता बघता मोताळ्याचा तो हॉल वितळून जातो. मी पुन्हा त्या मैदानावर, कमरेला नाडा बांधून, छातीवर 'ए' घेऊन उभा असतो. माझ्या शेजारी मुख्तार असतो. आणि मुख्तार वाकलेला असतो.

ही वाकण्याची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगतो. दरवर्षी आमची रांग थोडी लांबते. पहिल्या वर्षी ती मैदानात मावत होती. हल्ली तिचं एक टोक कॉलेजात आणि दुसरं वरवट बकालच्या फाट्यावर असतं. मुलं हसतात, पण लक्षात ठेवतात.

त्या उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांचंच भवितव्य पणाला लागलं होतं, असंही मी मुलांना सांगतो. ते काही खरं नाही. माझं काय लागायचं होतं? मी वरवट बकालहून एस.टी.नं यायचो, आईनं बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा दुपारच्या सुट्टीपर्यंत कसाबसा राखायचो. पास झालो तर घरचे पेढे वाटणार होते आणि नापास झालो तर शेत होतंच. पणाला लागला होता तो मुख्तार.

मुख्तारच्या वडिलांचं स्टँडजवळ गाद्यांचं दुकान. पिंजारी माणूस. दुकानासमोरून गेलं की कापूस पिंजण्याचा आवाज यायचा आणि आत पांढऱ्या ढगात एक दाढी हलताना दिसायची. मुख्तार त्याच ढगात बसून अभ्यास करायचा. केसांवर कापूस, भुवयांवर कापूस. विशीतच म्हातारा झाल्यासारखा दिसायचा आणि वागायचाही तसाच. लेखी परीक्षेत त्याच्या आसपास कुणी फिरकू शकत नसे. पण तोंडी परीक्षेत अनोळखी माणूस समोर बसला की मुख्तारची जीभ सासरी निघून जायची. आदल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला सोपा म्हणून पहिला प्रश्न विचारला, "नाव काय तुमचं?" मुख्तारनं तेही सांगितलं नाही. तोंडीत गेला, वर्ष गेलं, म्हणून तो आमच्या वर्गात येऊन बसला होता.

त्याच्या वडिलांचं म्हणणं साधं होतं आणि त्यात राग नव्हता. या वेळी पास निघाला तर पुढं शीक, जिथं जायचं तिथं जा. नाही निघाला तर मामूसोबत सुरतला, यंत्रमागावर. मामूनं जागा बोलून ठेवली होती. मुख्तारला पुढं आरएनएच शिकायचं होतं. आमच्यापैकी कुणाला काही शिकायचं असेल तर ते परीक्षेपुरतं. याला मात्र ते लागलं होतं, जसं कुणाला तंबाखू लागते. पुलाच्या कठड्यावर बसलो की तो माझ्याशी तासन्‌तास बोलायचा. तिथं त्याची जीभ बरोबर माहेरी असायची.

"गजू, तुले मालूम आहे का," तो म्हणायचा, "डीएनए उंच अन् सडपातळ. आरएनए बुटका अन् रुंद."

"म्हणजे माह्यासारखा."

"हाव. तुह्यासारखा."

आता तुम्हाला वाटेल हा काय आरएनए. कोरोनानंतर तो शब्द पानठेल्यावरही ऐकू येतो, तरी सांगतो. पेशीतला एक लांबलचक धागा. त्याच्यावर चार अक्षरं ओवलेली: ए, यू, जी, सी. हा धागा स्वतःवरच दुमडतो, किंवा दुसरा धागा त्याच्यासमोर येतो, आणि अक्षरं एकमेकांचा हात धरतात. ए धरतो यूचा हात, दोन बंधांनी. जी धरतो सीचा, तीन बंधांनी. कधी कधी जी आणि यूचीही कामचलाऊ जोडी जमते. मग सगळ्याला पीळ पडतो आणि एक गोल जिना तयार होतो. आरएनएच्या साखरेला एक जास्तीचं ऑक्सिजनचं शिंग असतं, म्हणून त्याच्या जिन्याला डीएनएसारखं ऐटीत उभं राहता येत नाही. तो आखूड होतो, जाड होतो, पायऱ्या तिरप्या पडतात. इथवर आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

गोंधळ पुढं होता. पुस्तकातल्या चित्रात सगळ्या पायऱ्या एकसारख्या दाखवलेल्या असायच्या. वानखडे सरांना त्या चित्राचा इतका राग होता की ते पान आलं की पुस्तक उलटं धरायचे. "हे चित्र म्हणजे लग्नातला फोटो आहे," ते म्हणायचे. "फोटोत सारे सरळ उभे राहतात. घरी गेल्यावर कोण कोणाकडे पाठ करून बसते ते फोटोत येत नाही. खऱ्या जिन्याची प्रत्येक पायरी वेगळी. कुठं पीळ जास्त, कुठं कमी. कुठं पायरी इकडं कलते, कुठं तिकडं सरकते. अन् ते ठरवते कोण? अक्षरांचा क्रम ठरवतो."

आम्ही माना डोलवायचो. समजलेलं कुणालाच नसायचं. जोडी जमली की झालं, मग क्रम कुठलाही असो, त्यानं जिन्याचं काय बिघडतं? तीन बंधांची जोडी घट्ट, दोन बंधांची सैल, मोजा आणि सांगा, असा आमचा सरळ व्यवहार होता. खुद्द मुख्तारही इथं अडायचा. त्याला आकडे येत होते, नियम येत होते, पण म्हणायचा, "वाचतो तवा समजते, गजू. डोळे मिटले की दिसतच नाही." आणि जे त्याला दिसत नव्हतं ते तो बोलू शकत नव्हता. बाहेरचा परीक्षक नेमका तिथंच बोट ठेवणार, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मग ते मैदान.

पहिल्यांदा आम्ही जो आरएनए उभा केला तसा आरएनए जगात कुणी केला नसेल. आमच्या कॉलेजात मुलं एका बाजूला आणि मुली एका बाजूला बसत. वर्गात तसं, ग्रंथालयात तसं, सहलीच्या गाडीतही तसंच. सरांनी जोड्या लावायला सांगितल्या तर कुणी काही न बोलता आपोआप मुलींच्या सगळ्या जोड्या रांगेच्या एका टोकाला गेल्या आणि मुलांच्या सगळ्या दुसऱ्या टोकाला. हात धरायचा प्रश्नच नव्हता, म्हणून सरांनी दुपट्टे धरायला लावले. मुलींकडं ओढण्या भरपूर, शिवाय उन्हासाठी बांधायचे स्कार्फ. त्यांनी जोडीला तीन तीन लावले. म्हणजे त्या झाल्या जी आणि सी. आमच्याकडं उन्हात कानाला बांधायचे दुपट्टे कमी, त्यातला एक माझ्या डबा बांधायच्या फडक्याचा. आम्ही दोन दोन लावले. आम्ही ए आणि यू.

जिना आडवा पडल्यासारखी ती रचना होती. वळणावर काहींनी विटांवर चढायचं, काहींनी गुडघ्यावर बसायचं, आणि प्रत्येक जोडीनं मागच्या जोडीपेक्षा थोडं तिरपं उभं राहायचं. सरांनी दोन्ही बाजूंनी नाडा ओढायला सांगितला. मुलींचं टोक धरणाच्या भिंतीसारखं उभं राहिलं. आमचं टोक भाजीवालीची जुडी सुटावी तसं सुटलं. एक गडी तर सुटून हौदात पडला, आणि तिथंच बरं वाटतं म्हणून वर येईना. तेव्हाच सर ओरडत होते ते मी सुरुवातीला सांगितलं.

ओरडता ओरडता सर एकदम थांबले. सर थांबले म्हणजे गावाला कळायचं, काहीतरी झालं.

"थांबा," ते म्हणाले. "आहे तसे उभे राहा. याच्यापेक्षा चांगलं मले दाखवता आलं नसतं. अक्षरं किती आहेत ते मोजू नका. कुठं आहेत ते पाहा. सारे घट्ट इकडं, सारे ढिले तिकडं. आता हेच लोक, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. फक्त मिसळून उभे करतो."

मिसळायचं म्हटल्यावर रांगेत थोडी कुजबुज झाली. कल्पना नावाची एक मुलगी आमच्या वर्गात होती. तिची जीभ अशी की लिंबाच्या लोणच्यानंही तिच्याकडं शिकवणी लावावी. ती म्हणाली, "सर, जोडी आमची आमच्यातच राहू द्या. शेजारी कोणी का येईना, आमाले काय फरक पडते?"

"हेच," सर म्हणाले. "काय फरक पडते तेच पाहाचं आहे."

मग एक जोडी मुलींची, एक-दोन मुलांच्या, पुन्हा मुलींची, असे आम्ही उभे राहिलो. नाडा ओढला. या वेळी सुटलं नाही. कुठं वाकलं, कुठं ताठ राहिलं, पण सुटलं नाही. मुख्तार 'यू' होता. त्याच्या शेजारी कल्पना, 'जी'. मुख्तार सरळ उभा. उंच, काटकुळा, केसांत कापूस.

"आता कल्पनाची जोडी अन् गजूची जोडी, जागा बदला. बाकी कोणी हलाचं नाही."

आम्ही जागा बदलल्या. मी मुख्तारच्या शेजारी येऊन पाय रोवून उभा राहिलो. माझं वजन तेव्हाही बऱ्यापैकी होतं. आमच्या एस.टी.चा ड्रायव्हर मला मधल्या सीटवर बसवायचा, गाडी एका अंगानं जाऊ नये म्हणून. सरांनी खूण केली, दोन्ही टोकांनी नाडा ओढला गेला, पीळ पडला, आणि मुख्तार वाकला.

साधासुधा नाही वाकला. कमरेतून, एका बाजूला, मान वेगळ्या दिशेला, चेहऱ्यावर असा भाव की आतून काहीतरी उमगतंय. त्याच्या हातातल्या दुपट्ट्यांनी समोरचा त्याचा जोडीदारही तेवढाच तिरपा झाला. बाकी रांग जिथल्या तिथं. फक्त तेवढ्या एका पायरीला वेगळंच वळण आलं.

सर हौदावरून खाली उतरले. मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्यांदा माणसासारखा आला.

"पाहा रे याले. याची जोडी बदलली का? नाही. समोरचा तोच. हातातले दुपट्टे तेवढेच. फक्त शेजारी बदलला. अक्षर समोरच्याचा हात धरते, पण टेकते शेजाऱ्यावर. शेजारी बदलला की टेकणं बदलते, टेकणं बदललं की पीळ बदलते. सारा आकार तिथून येते."

"सर," कल्पना पलीकडून म्हणाली, "गजूभाऊ कोणाच्याही शेजारी उभे राह्यले तर तो वाकनच."

सगळे हसले. मुख्तार हसला नाही. तो तसाच वाकलेला होता, डोळे बारीक करून. मला तर वाटलं त्याला आता दृष्टान्त झाला. खेळ संपल्यावर मी त्याच्यासोबत स्टँडपर्यंत चालत गेलो. एका चपलेचा अंगठा तुटला म्हणून त्यानं ती हातात घेतली होती आणि तो जरा लंगडत होता. मी काही विचारलं नाही. मोठ्या विचारात असलेला माणूस कसा चालतो ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, म्हटलं असाच चालत असेल. त्यांच्या घरी त्याच्या अम्मीनं आम्हाला दूध-शेवया दिल्या. मुख्तार मान खाली घालून खात होता. मध्येच चमचा खाली ठेवून म्हणाला, "गजू, आता दिसते." आणि पुन्हा खायला लागला.

त्या शेवयांची चव अजून जिभेवर आहे. जायफळ थोडं जास्त झालेलं होतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मुख्तार वडिलांचे जुने कातडी बूट घालून आला. असले बूट त्या उन्हाळ्यात घालायचे म्हणजे पाय चुलीत ठेवण्यासारखं होतं. आम्ही विचारलं तर म्हणाला, "असू दे." मी आधी तोंडी देऊन बाहेर आलो होतो. माझं काय झालं ते सांगण्यासारखं नाही, आणि झालं ते परीक्षकांच्या दयेनं झालं. मग मी कूलरच्या खिडकीपाशी, वाळ्याच्या फटीतून आत डोळा लावून उभा राहिलो.

परीक्षक बारीक चणीचे, पांढरा शर्ट, बोलणं पुस्तकासारखं. शेजारी वानखडे सर. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. बोलायची परवानगी नसलेले वानखडे सर म्हणजे झाकण लावलेला प्रेशर कुकर. हातातल्या खडूचे तुकडे करत, तुकड्यांचे तुकडे करत ते बसले होते. मुख्तार समोर उभा. नाव त्यानं या वेळी सांगितलं. एवढ्यानंच सरांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

मग तो प्रश्न आला. परीक्षकांनी फळ्यावर दोन छोटे तुकडे लिहिले. एक जीजीसीसी, दुसरा सीसीजीजी. "दोन्हींचे दुहेरी धागे करा. अक्षरं तीच, तेवढीच, बंधही तेवढेच. तरी पहिला जास्त घट्ट बसतो आणि दुसरा त्या मानानं लवकर उलगडतो. का बरं?"

मुख्तार फळ्याकडं पाहत राहिला.

कूलर फिरत होता. खडूचा आणखी एक तुकडा पडला. मुख्तारच्या कपाळावरून घाम निघाला आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन लटकला. परीक्षक थोडं थांबून म्हणाले, "बोला, घाबरू नका." त्यानं तर तो आणखीच गोठला. मला वाळ्याच्या फटीतून स्पष्ट दिसत होतं, त्याची जीभ निघाली होती सुरतेला, मामूसोबत, गाडीत जागा धरून.

मग मुख्तारनं खांद्यावरचा दुपट्टा काढला. त्याचं एक टोक परीक्षकांच्या हातात दिलं. इतक्या अदबीनं दिलं की त्यांनी ते घेतलंही. आणि खिडकीकडं न पाहता तो म्हणाला, "गजू, आत ये."

मी आत गेलो. आत जायला मला कुणी परवानगी दिली नव्हती, पण कुणी अडवलंही नाही. मुख्तारनं मला दंडाला धरून आपल्या शेजारी उभं केलं. म्हणाला, "आणखी जवळ." मी सरकलो. "आणखी." मी पाय रोवून उभा राहिलो. आणि मुख्तार वाकला. अगदी तसाच. कमरेतून, एका बाजूला, मान वेगळ्या दिशेला. दुपट्टा ताणला गेला आणि खुर्चीतले परीक्षकही टेबलावर कलले. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"सर," मुख्तार म्हणाला, "तुमचा हात तोच आहे. माझा तोच आहे. दुपट्टा तोच. फक्त हा आला."

आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. मी मुलांना सांगतो की तो संध्याकाळपर्यंत बोलला आणि मशिदीवरची कबुतरं ऐकायला आली. तेवढं नाही, पण बोलला. वाकलेल्या अवस्थेत बोलला. दोन्ही तुकड्यांत कडेच्या पायऱ्यांचा शेजार सारखाच आहे. फरक फक्त मधल्या दोन अक्षरांत आहे. पहिल्यात जीनंतर सी येतो, दुसऱ्यात सीनंतर जी. नुसती अदलाबदल. पण त्यानं एकाचा तळवा दुसऱ्यावर कसा आणि किती टेकतो ते बदलतं. जी आधी आणि सी नंतर असला तर थर जास्त चांगला बसतो, उलट केलं की त्या मानानं कमी. टेकणं बदललं की पायरीचा पीळ बदलतो, कलणं बदलतं, दोन पायऱ्यांमधली खाच रुंद होते किंवा अरुंद. बाहेरून येणारे प्रोटीन हात लावून पाहतात ते हाच आकार. म्हणून सर, अक्षरं मोजून भागत नाही, ती कुणाशेजारी आहेत ते पाहावं लागतं.

एवढं सांगून तो म्हणाला, "गजू, बाजूला हो." मी बाजूला झालो. मुख्तार सरळ झाला. परीक्षकही सरळ झाले. चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मुख्तारनं वानखडे सरांकडं पाहिलं. सरांनी छताकडं पाहिलं. त्यांच्या पायाशी खडूचा पांढरा ढीग पडला होता.

निकाल लागला त्या दिवशी मुख्तारच्या वडिलांनी दुकान बंद ठेवलं नाही. उलट दिवसभर कापूस पिंजला. स्टँडवर उतरणाऱ्या ओळखीच्या माणसाला हात करून बोलवायचे आणि गादीवर बसवून चहा पाजायचे. मामू सुरतेला एकटा गेला. मी वरवट बकालला पेढे घेऊन गेलो आणि गावात सांगितलं की मुख्तार माझ्यामुळं पास झाला. गावानं विश्वास ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

आज मागं पाहतो तर त्या उन्हाळ्याचं माझ्यावर किती आहे ते कळतं. मला आरएनए समजला तो मी त्या परीक्षेच्या खोलीत उभा होतो म्हणून, माझी स्वतःची तोंडी आटोपल्यावर. शिकवायला लागलो ते त्याच्या जोरावर. मला तर कधी वाटतं की मी पुढं जो काही झालो तो माझ्या अक्षरापेक्षा माझ्या शेजारामुळं झालो. वर्गात एका बाजूला मुख्तार होता, दुसऱ्या बाजूला कल्पनाची जीभ होती, डोक्यावर वानखडे सरांचा आवाज होता. हेच लोक दुसऱ्या क्रमानं भेटले असते, किंवा मी कुण्या दुसऱ्याच्या बाकावर जाऊन बसलो असतो, तर हाच मी कुठल्या तरी वेगळ्याच अंगानं वळलो असतो. मोताळ्याच्या आठवडी बाजारात फिरताना सुद्धा हे मनात येतं. मिरचीवालीच्या शेजारी बांगड्यांची गाडी लागते तेव्हा बांगडीवाले चाचा शिंका देत देत भाव सांगतात. पुढच्या बाजाराला तीच गाडी खरबुजाजवळ लागते आणि चाचांचा स्वभावच गोड होतो. माणसं तीच असतात.

वानखडे सर आता निवृत्त आहेत. मागं भेटलो तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. तरी निघताना हळूच म्हणाले, "मुलायले मैदानात नेतो का?" मी हो म्हटलं. खरंच नेतो. नाडा आता मिळत नाही, नायलॉनची दोरी वापरतो. मुलं आणि मुली अजूनही आपोआप दोन टोकांना जातात. मी त्यांना जाऊ देतो, आणि सरांसारखाच ओरडतो, आणि मग थांबतो.

यंदाही नेलं. परीक्षा तोंडावर होती, कडुनिंबाचा मोहोर पोरांच्या केसांत पडत होता. मी मुख्तारची गोष्ट सांगितली. या वर्षी रांग फाट्याच्याही पुढं गेली होती. सांगून झाल्यावर समोरच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या छातीवर 'सी' होता.

"सर, पण त्यायले कसं समजलं? कोण्या बाजूनं वाकाचं, किती वाकाचं? आम्ही तर सारे सरळच उभे राहून राह्यलो."

मी हातातली दोरी गुंडाळायला लागलो. इतकी वर्षं मी त्याला दृष्टान्त म्हणत आलो होतो. पण दृष्टान्त कमरेतून कसा होतो, हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिला म्हणालो, "उद्या सांगतो."

घरी येऊन हैदराबादला फोन लावला. मुख्तार तिथं एका प्रयोगशाळेत असतो. दिवसभर आरएनएचे छोटे छोटे दुहेरी धागे बनवतो, एकेक अक्षर इकडचं तिकडं करतो आणि आकार कसा बदलतो ते पाहतो. पाठीमागं यंत्रांची घरघर ऐकू येत होती. मला तो आवाज पिंजण्यासारखाच वाटला.

मी त्याला सगळं बोललो. जे इतक्या वर्षांत बोललो नव्हतो तेही बोललो. तुझ्यामुळं मला हे दिसलं, तुझ्यामुळं मी फळ्यासमोर उभा राहू शकलो, तुझ्या अम्मीच्या शेवया अजून आठवतात. तो 'हं, हं' करत ऐकत होता.

"आता एक सांग भौ," मी म्हणालो. "त्या दिवशी मैदानात सारे सरळ उभे होते. तू एकटाच वाकला. बरोबर तिथंच, बरोबर तेवढाच. तुले कसं समजलं?"

पलीकडं त्यानं यंत्र बंद केलं. मग मुख्तार म्हणाला, "तू माह्या पायावर उभा होता."